आकाराचा आकडा आणि खेळाडूचे शरीर

मार्च 2025 च्या पहिल्या आठवड्यात चॅम्पियन्स करंडक ऐन रंगात आला असताना एका राष्ट्रीय पक्षाच्या प्रवक्त्यांनी समाजमाध्यमावर लिहिले की, भारताचा कर्णधार रोहित शर्मा खेळाडूच्या मानाने लठ्ठ आहे आणि त्याने वजन उतरवायला हवे. वाद पेटला, मजकूर काढून टाकला गेला आणि 9 मार्चला दुबईत न्यूझीलंडविरुद्धच्या अंतिम सामन्यात बोरिवलीत वाढलेल्या याच फलंदाजाने 76 धावा करून सामनावीराचा मान मिळवला. त्याआधी दोन वर्षे कुर्ल्याच्या सरफराज खानबद्दल अशीच चर्चा चालली होती. रणजी करंडकाच्या 2019-20 च्या हंगामात 928 आणि 2021-22 च्या हंगामात 982 धावा काढूनही 2023 मध्ये त्याला कसोटी संघात जागा मिळाली नाही, तेव्हा कारणांच्या यादीत त्याची अंगकाठीही आली. बांध्यावरून खेळाडू जोखण्याला सुनील गावसकर यांनी जाहीर विरोध केला. फेब्रुवारी 2024 मध्ये राजकोटला पहिल्याच कसोटीत सरफराजने 62 आणि नाबाद 68 धावा केल्या. या दोन्ही वादांत बाजू घेणारे पुष्कळ होते, मोजमाप मागणारे फार थोडे. धावा काढल्या म्हणून अंगात चरबी कमी आहे असे सिद्ध होत नाही, आणि बांधा भरदार दिसतो म्हणून ती जास्त आहे असेही ठरत नाही. आकारावरून चरबीचा अंदाज बांधण्याची सवय जुनी आहे आणि तिला शास्त्राचा मान मिळवून देणारा आकडा म्हणजे बीएमआय. खेळाडूच्या बाबतीत हा आकडा कुठवर विश्वासार्ह आहे, याचे उत्तर गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत पुराव्यानिशी मिळत गेले आहे. ते मैदानापर्यंत आणि शाळेपर्यंत मात्र अजून नीट पोहोचलेले नाही, म्हणून हा मागोवा.

बीएमआयचे सूत्र सोपे आहे: किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. त्याचा उगम दवाखान्यात झाला नाही. बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी 1830 च्या दशकात माणसांच्या मोठ्या समूहांची मोजमापे अभ्यासताना प्रौढांचे वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते असे पाहिले. त्यांना शोधायचा होता सरासरी माणूस. लठ्ठपणा हा त्यांचा विषयच नव्हता. विसाव्या शतकात विमा कंपन्यांना विमेदाराची जोखीम ठरवायची होती, तेव्हा उंची-वजनाची कोष्टके तयार झाली आणि डॉक्टरांच्या भिंतींवर लागली. 1972 मध्ये अमेरिकेतील अन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतील सात हजारांहून अधिक निरोगी पुरुषांच्या मोजमापांवर निरनिराळी सूत्रे लावून पाहिली, केटले यांच्या जुन्या सूत्राला पसंती दिली आणि त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले. त्यांचा दावा माफक होता: हे सूत्र परिपूर्ण नाही, पण उंची-वजनाच्या इतर सूत्रांपेक्षा वाईटही नाही. समूहांची तुलना करण्यासाठी घडलेले हे माप पुढच्या काळात एकेका माणसावर निर्णय देण्यासाठी वापरले जाऊ लागले. खेळाडूंवरचा अन्याय या बदलातून सुरू होतो, कारण खेळाडू हा व्याख्येनेच सरासरीबाहेरचा माणूस असतो.

उंची-वजनाचे प्रमाण खेळाडूला फसवे ठरते हे बीएमआयचे बारसे होण्याच्या तीस वर्षे आधी सिद्ध झाले होते. अमेरिकी नौदलातील डॉक्टर अल्बर्ट बेन्के आणि त्यांचे सहकारी वेल्हॅम यांनी 1942 मध्ये 25 व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला धसमुसळा, अंगाला अंग भिडवण्याचा खेळ. प्रचलित कोष्टकांप्रमाणे त्यांतले 17 खेळाडू वजन जास्त म्हणून सैन्यभरतीला अपात्र ठरत होते. बेन्के यांनी त्यांना पाण्याखाली तोलले. चरबी पाण्यापेक्षा हलकी असते, स्नायू आणि हाडे जड, त्यामुळे हवेतले वजन आणि पाण्यातले वजन यांतल्या फरकावरून शरीराची घनता आणि तिच्यावरून चरबीचे प्रमाण काढता येते. या 17 पैकी 11 जणांची घनता इतकी जास्त निघाली की त्यांच्या अंगात चरबी कमीच असल्याचे स्पष्ट झाले. त्यांचे जादा वजन स्नायूंचे होते. उरलेल्या सहा जणांबद्दल असे छातीठोकपणे म्हणता येत नव्हते, आणि हीच या अभ्यासाची खरी शिकवण आहे. कोष्टकाने 17 जणांना एकाच रांगेत उभे केले होते. त्यांतले पिळदार कोण आणि मेदवाले कोण, हे सांगण्याचे साधन कोष्टकाजवळ नव्हते.

तरीही हे सूत्र जगभर पसरले, कारण त्याला फक्त वजनकाटा आणि भिंतीवरची पट्टी लागते. 1990 च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने 25 च्या वर जादा वजन आणि 30 च्या वर लठ्ठपणा अशा रेषा आखल्या. 2004 मध्ये संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकांना कमी बीएमआयवरही मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका असतो हे मान्य करून 23 आणि 27.5 हे आकडे सुचवले. 2009 मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी 23 च्या वर जादा वजन आणि 25 च्या वर लठ्ठपणा अशी आणखी कडक रेषा ठरवली. सर्वसाधारण भारतीयांसाठी हा निर्णय योग्य होता. पण हीच रेषा कबड्डीच्या मॅटवर नेऊन पाहावी. प्रो कबड्डीत खेळाडूच्या वजनाची कमाल मर्यादा 85 किलो आहे. मर्यादेच्या अगदी काठावर असलेला पाच फूट नऊ इंच उंचीचा बचावपटू घेतला तर त्याचा बीएमआय 27.7 येतो. सहा फुटी खेळाडू घेतला तरी तो 25.4 भरतो. म्हणजे खेळाच्या नियमात चोख बसणारा, सराव करून मांड्या-खांदे कमावलेला खेळाडू भारतीय निकषाने थेट लठ्ठ ठरतो. मुंबईच्या उपनगरांत गल्लोगल्ली भरणाऱ्या शरीरसौष्ठव स्पर्धांत तर हा विरोध टोकाला जातो: मंचावर उभ्या असलेल्या माणसाच्या त्वचेखाली चरबीचा थर जवळजवळ उरलेला नसतो आणि बीएमआय त्याला स्थूल म्हणत असतो.

हिशेब मांडला की कारण लगेच कळते. 170 सेंटिमीटर उंच आणि 75 किलो वजनाच्या दोन पुरुषांचा बीएमआय सारखाच, जवळपास 26. एकाच्या शरीरात 10 टक्के चरबी असेल तर ती साडेसात किलो, आणि उरलेले साडेसदुसष्ट किलो स्नायू, हाडे, रक्त, अवयव. दुसऱ्याच्या शरीरात 28 टक्के असेल तर चरबी 21 किलो आणि बाकी सारे 54 किलो. साडेतेरा किलोंचा हा फरक भागाकारात पूर्ण लपतो, कारण अंशस्थानी एकच एकत्रित वजन आहे. एखाद्या खेळाडूने वर्षभरात चार किलो चरबी घालवून चार किलो स्नायू कमावले, तर प्रशिक्षकाच्या दृष्टीने ते वर्ष सोन्याचे आणि बीएमआयच्या वहीत मात्र काहीच घडलेले नाही.

या प्रश्नाचा सर्वांत बोलका पुरावा महाराष्ट्रातून आला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्याच शरीरांची तुलना छापली. दोघांचाही बीएमआय 22.3. क्ष-किरणांच्या आधारे शरीराचे घटक मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के चरबी निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. युडकिन मॅरेथॉन धावत होते. याज्ञिक यांचा मुख्य व्यायाम रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी ते गाठण्याचा, असे त्यांनीच लिहिले. पण हा फरक केवळ व्यायामाचा नव्हता. याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातील खेड्यांत जन्मलेल्या बाळांची इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली होती, तेव्हा आपली बाळे सरासरी पावणेतीन किलोंच्या आसपास आणि तिकडची साडेतीन किलोंची असूनही आपल्या बाळांनी त्वचेखालची चरबी मात्र बरीच राखलेली आढळली. कमी पडले होते ते स्नायू आणि अवयव. यातून बीएमआयच्या चुकीची दुसरी दिशा समोर येते. व्यायामाने कमावलेल्या शरीराला तो अकारण दोषी ठरवतो आणि बैठ्या, किरकोळ भारतीय शरीराला अकारण निर्दोष सोडतो. मुंबईच्या उपनगरांत ही दोन्ही शरीरे एकाच इमारतीत राहतात.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, खेळाडू मूठभर, बाकी समाज मोठा; मूठभरांसाठी उपयोगी माप का बदनाम करायचे? ‘माझे वजन हाडापेराचे आहे’ म्हणत पोट सुटलेला माणूस उद्या याच युक्तिवादाच्या आड लपेल. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्यातला निम्मा भाग खराही आहे. अमेरिकेतील 13,601 प्रौढांच्या माहितीवर 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, सर्वसाधारण लोकांत बीएमआय 30 च्या वर असेल तर शरीरात चरबी जास्त असण्याची शक्यता फार मोठी असते. ज्याने वर्षानुवर्षे शरीर कमावलेले नाही, त्याने खेळाडूच्या सवलतीवर हक्क सांगू नये. पण त्याच अभ्यासाने दुसरी बाजूही दाखवली. प्रत्यक्षात जास्त चरबी असलेल्या पुरुषांपैकी जेमतेम 36 टक्के आणि स्त्रियांपैकी 49 टक्केच या रेषेने पकडले गेले. म्हणजे हे माप मूठभरांना चुकते आणि बहुसंख्यांना बरोबर सांगते, ही समजूत टिकत नाही. बहुसंख्यांतही ते अनेकांना खोटा दिलासा देते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. डेक्सा यंत्र प्रत्येक व्यायामशाळेत येणार नाही, हे मान्यच आहे. पण बीएमआयला पर्याय म्हणून महागडे यंत्रच हवे असे नाही. शिंप्याच्या फितीने मोजलेला कमरेचा घेर पोटातल्या चरबीबद्दल बीएमआयपेक्षा जास्त थेट सांगतो. भारतीय पुरुषांसाठी 90 आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही रेषा ठरलेली आहे, आणि घेर उंचीच्या निम्म्याच्या आत असावा हा नियम तर लक्षात ठेवायलाही सोपा आहे. वर सांगितलेल्या 27.7 बीएमआयच्या बचावपटूची कंबर 82 सेंटिमीटर भरली तर शंका तिथेच मिटते. 98 भरली तर वजनाच्या मर्यादेत असूनही त्याला काम करायचे आहे हे कळते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत बीएमआयने 28.6 टक्के प्रौढ लठ्ठ ठरले, तर पोटाच्या घेराने 39.5 टक्के. फितीला जे दिसले ते काट्याला दिसले नाही. त्वचेची घडी चिमटीत धरून मिलिमीटरमध्ये मोजणारा कॅलिपरही शाळेच्या किंवा मंडळाच्या आवाक्यातला आहे. लागतो तो शिकलेला हात.

तिसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो: चरबी मोजण्याच्या इतर पद्धती तरी कुठे निर्दोष आहेत? नाहीतच. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या आश्रयाने काम करणाऱ्या तज्ज्ञगटाने 2012 मध्ये सर्व पद्धती तपासून कोणत्याही एकीला अंतिम प्रमाण मानता येत नाही असे सांगितले. कॅलिपरच्या मिलिमीटरवरून टक्केवारी काढणारी, जगभर वापरली जाणारी 1974 ची सूत्रे ग्लासगोतल्या 481 स्त्री-पुरुषांच्या मोजमापांवर उभी आहेत. ती अंधेरी-घाटकोपरच्या मुलांना जशीच्या तशी लागू पडतील असे मानण्याला आधार नाही. जिममध्ये पायाखाली घ्यायची जी यंत्रे दिसतात, ती शरीरातून सौम्य वीजप्रवाह सोडून पाण्याचा अंदाज घेतात. सरावानंतर घामाने पाणी कमी झाले की त्यांचे उत्तर बदलते. शिवाय त्यांच्या सूत्रात उंची आणि वजन आधीच घातलेले असते, म्हणजे बीएमआय मागच्या दाराने पुन्हा आत येतोच. पण मापे अपुरी आहेत म्हणून सर्वांत आंधळे माप पत्करावे, हा निष्कर्ष चुकीचा आहे. योग्य मार्ग असा की, एकाच खेळाडूला एकाच साधनाने, एकाच हाताने, सकाळच्या एकाच वेळी मोजावे, टक्केवारीचा मोह सोडून त्वचेच्या घड्यांची मिलिमीटरमधली बेरीज नोंदवावी आणि महिन्यांगणिक तिचा कल पाहावा. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने 1 जानेवारी 2023 च्या मुंबईतील आढावा बैठकीत धावण्याचा दम जोखणाऱ्या यो-यो चाचणीसोबत डेक्साचा निवडीच्या निकषांत समावेश केला. आकारावरून घटकांकडे जाण्याचे हे पाऊल स्वागतार्ह होते. मात्र चरबीची टक्केवारीही खेळाचे एक साधन आहे, खेळ नव्हे. दिवसभर फलंदाजी करणाऱ्याचे, लांब पल्ल्याच्या धावपटूचे आणि गोळाफेकपटूचे योग्य प्रमाण एकच असू शकत नाही.

वजनाच्या मर्यादेचे खेळ या चर्चेत वेगळा धडा देतात. कुस्ती, मुष्टियुद्ध, ज्युदो आणि वयोगटांची कबड्डी यांत वजन देण्याआधीच्या दिवसांत पाणी तोडणे, घाम काढणे, जेवण टाळणे हे प्रकार सर्रास चालतात. पाच फूट नऊ इंचाच्या खेळाडूने असे दोन किलो उतरवले तर बीएमआय 0.65 ने खाली येतो आणि चरबी मात्र जवळपास होती तेवढीच राहते. गेले ते पाणी, आणि त्याच्याबरोबर ताकद. धावपटू मुलींच्या बाबतीत धोका याच्याही पुढचा आहे. खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने खाणे कमी पडले की पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात, आणि हे बीएमआय सामान्य दिसत असतानाही घडू शकते. ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या स्थितीला स्वतंत्र नाव देऊन तिची दखल घेतली. बीएमआयला खेळात काहीच जागा नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. बर्फावरच्या स्की जंपिंगमध्ये खेळाडू हलके होण्यासाठी उपाशी राहू लागले, तेव्हा आंतरराष्ट्रीय संघटनेने 2004 पासून कमी बीएमआयच्या खेळाडूला आखूड स्की वापरायला लावण्याचा नियम आणला. तिथे या आकड्याने चरबी मोजण्याचा आव आणला नाही, उपासमारीला अटकाव करणारा तळ आखून दिला. जेवढे कळते तेवढेच विचारले, म्हणून तो उपयोगी पडला.

सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती शाळकरी वयाची. 2019 पासून ‘खेलो इंडिया’च्या शारीरिक क्षमता चाचण्यांत 50 मीटर आणि 600 मीटर धाव, लवचिकता, पोटाचे आणि दंडाचे व्यायाम यांच्यासोबत बीएमआयही नोंदवला जातो. धाव आणि लवचिकता या गोष्टी मूल काय करू शकते ते सांगतात. बीएमआय फक्त ते केवढे आहे ते सांगतो. वयात येताना मुलांचे स्नायू, हाडे आणि उंची एकाच वेगाने वाढत नाहीत. मुलुंडच्या कालिदास संकुलात पोहणाऱ्या किंवा अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात सराव करणाऱ्या, वयाच्या मानाने थोराड मुलीच्या प्रगतिपुस्तकात ‘जादा वजन’ असा शेरा पडला, तर तिच्यावर होणारा परिणाम कोणत्याही यंत्राने मोजता येत नाही. त्या वयात खाणे तोडण्याची सवय लागली की ती वर्षानुवर्षे सुटत नाही, आणि खेळ सुटतो तो कायमचा.

या मागोव्यातून निघणारी सर्वांत महत्त्वाची गोष्ट खेळ सोडलेल्या खेळाडूंबद्दल आहे. उपनगरांत कबड्डीने अनेकांना नोकरी दिली: महिंद्र, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, रेल्वे, पोलीस. पंचविशीत 27 बीएमआय असलेला हा खेळाडू चाळिशी ओलांडून खुर्चीवर बसतो, तेव्हाही त्याचा बीएमआय 27 असू शकतो. मधल्या काळात मांड्या-खांद्यांचे स्नायू उतरलेले असतात आणि पोटात चरबी साठलेली असते. तरुणपणी या आकड्याने त्याला अकारण लठ्ठ म्हटले, त्यामुळे त्याच्याकडे दुर्लक्ष करायची सवय जडली. आता धोका खरा आहे, आकडा तोच आहे आणि विश्वास उडालेला आहे. बीएमआयच्या दोन्ही दिशांच्या चुका इथे एकाच माणसाच्या आयुष्यात एकत्र येतात. म्हणून खेळाडूला खरी गरज आहे ती आयुष्यभराच्या नोंदीची: खेळत असताना कंबर किती होती, घड्यांची बेरीज किती होती, आणि खेळ सुटल्यावर ती कशी बदलली.

जानेवारी 2025 मध्ये ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या 58 तज्ज्ञांच्या आयोगाने एकट्या बीएमआयवरून लठ्ठपणाचे निदान करू नये, चरबीचे प्रत्यक्ष मापन किंवा निदान कमरेच्या घेरासारखे आणखी एखादे माप त्याच्या जोडीला घ्यावे, असा निर्वाळा दिला. बेन्के यांनी 1942 मध्ये 25 खेळाडूंवरून जे दाखवले, ते सर्वांसाठी मान्य व्हायला 83 वर्षे लागली. आता उशीर करण्याचे कारण नाही. उपनगरांतल्या मंडळांनी, व्यायामशाळांनी आणि शाळांनी बीएमआयची नोंद ठेवायची तर खुशाल ठेवावी, पण त्या एका आकड्यावरून कोणाला संघाबाहेर काढू नये, कोणाच्या ताटातली पोळी कमी करू नये आणि कोणाला निर्धास्तही करू नये. वजनकाट्याशेजारी एक फीत टांगा, कॅलिपर धरायला एका शिक्षकाला शिकवा, आणि प्रत्येक खेळाडूची नोंदवही तो खेळ सोडेपर्यंतच नव्हे, तर त्यानंतरही चालू ठेवा.